सिगब्रितची पहिली सुट्टी

वृद्धाश्रमात नोकरीला लागल्यापासून सिगब्रितने मिडसमरच्या सणाचा फुलापानांनी सजवलेला खांब उभा राहताना पाहिला, तो फक्त तिथल्याच आवारात. नाताळ असो, ईस्टर असो, एप्रिलअखेरची शेकोटी असो, ती कामावरच असायची. बाकीच्यांना घरी पोरंबाळं होती, हिला कोणी नव्हतं. "मी आहे ना, तुम्ही जा," असं म्हणता म्हणता सगळे सण तिच्याच वाट्याला आले.

यंदा वसंतात ती निवृत्त झाली आणि जूनमध्ये धाकट्या बहिणीचा, मायलिसचा फोन आला. "आता कुठलंही निमित्त चालणार नाही हं, ताई. मिडसमरच्या शुक्रवारी सरळ तळ्याकाठी आमच्या घरी यायचं."

सिगब्रित गेली. बागेत टेबल मांडलं होतं, शेपू घालून उकडलेले नवे बटाटे होते, हेरिंग माशाचे तीन प्रकार होते. बोलता बोलता तिने शेजारी बसलेल्या मेव्हण्याच्या ताटातला मासा बारीक चिरून दिला.

"अगं, माझे दात शाबूत आहेत अजून!" तो म्हणाला आणि सगळे हसले. तीही हसली, पण हातांचं काय करावं ते तिला उमजेना.

मग सगळे बागेतल्या खांबाभोवती सणाच्या बेडकाच्या गाण्यावर उड्या मारू लागले. गाणं तिला तोंडपाठ होतं, मात्र आश्रमात ते खुर्चीत बसून म्हणायची रीत. ती दोनदा लोकांवर आदळली.

"उजवीकडे गं, उजवीकडे!" मायलिस ओरडली.

"स्वेटर घेऊन येते," असं पुटपुटून सिगब्रित सायकलवर बसली, ती थेट आश्रमाच्या दारात उतरली. का, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"कोणाला भेटायचंय?" दारातल्या नव्या मुलीने विचारलं. सिगब्रित तशीच आत गेली.

आवारात टेक्ला बसली होती, नव्वदीची, डोक्यावर फुलांचा मुकुट वाकडा. "आज उशीर केलास."

"मी आता कामावर नाही, टेक्ला."

"मग आलीस कशाला?"

"तेच समजत नाहीये."

टेक्लाने तिच्याकडे नीट पाहिलं. "माझी लेक येणार होती, आलीच नाही. तिच्या वाटचा केक उरलाय. बस."

सिगब्रित बसली. सवयीने मुकुट सरळ करायला तिचा हात पुढे गेला.

"राहू दे," टेक्ला म्हणाली. "सुट्टीवर आहेस ना? खा मुकाट्याने."

केकवरच्या स्ट्रॉबेरी आंबट होत्या. दोघींनी केक संपवला. तेवढ्यात फोन वाजला.

"स्वेटर आणायला गेलीस की विणायला?" मायलिस भडकली होती.

"आश्रमात आहे गं मी."

"बरी आहेस ना?"

"माहीत नाही. येते."

ती पोचली तेव्हा पाहुणे पांगले होते. रात्र झाली तरी उन्हाळ्यातला उजेड मात्र तसाच होता. मायलिस तळ्यातल्या लाकडी धक्क्यावर पाय सोडून बसली होती. सिगब्रितही बसली.

"मला वाटलं, तुला आम्ही आवडत नाही," मायलिस म्हणाली.

"तसं नाही गं. पाहुणी कसं व्हायचं तेच येत नाही मला."

मायलिस तिच्याकडे वळली. "ऑगस्टमधल्या आमच्या मेजवानीला येशील?"

"येईन. टेक्लाला आणलं तर चालेल?"

"कोण टेक्ला? तुमच्या आश्रमातली पेशंट?"

पेशंट म्हणावं तर आता ती तिची नव्हती, नातलग तर नव्हतीच. 

"आज मी तिच्याकडे पाहुणी म्हणून केक खाल्ला," सिगब्रित म्हणाली.