संध्याताईंचा टॉवेल

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो; नाहीतर पुढे मी स्वतःच्या सोयीचं काहीतरी लिहीत बसेन. एका ओल्या टॉवेलवरून मी संध्याताईंशी भर जिन्यात भांडलो होतो.

नई सडकेच्या मागच्या गल्लीत आमची इमारत. मी तळमजल्यावर, संध्याताई मोरे माझ्या डोक्यावर. आता त्या इंदूरला भावाकडे असतात, पण तेव्हा इथे एकट्या राहून गणिताच्या शिकवण्या घेत. अंगानं काटकुळ्या, चेहरा फिकट पिवळा, जीभ मात्र ठणठणीत. रोज सकाळी त्यांच्या बाल्कनीत एक टॉवेल लटके आणि त्याचं पाणी नेमकं माझ्या स्कूटरच्या सीटवर गळे. मी घाईघाईत बसे आणि ऑफिसात पँटच्या मागच्या बाजूला नकाशा घेऊन हिंडे.

"अहो, जरा नीट पिळत जा ना!" मी खालून म्हणे.

"मी पिळते हो, कुलकर्णीजी. टॉवेलच ऐकत नाही," वरून उत्तर येई.

त्यांच्या घरात कपडे धुण्याचं मशीन होतं. बाकीचे कपडे त्यात धुऊन घट्ट पिळून निघत. मग हा एकच टॉवेल हातानं कशाला, हे मला कळेना. माझी समजूत अशी की बाई मुद्दाम करतात. एका सकाळी ऑफिसात मोठे साहेब यायचे होते आणि मी नेमका भिजलो. तसाच जिना चढलो आणि ओरडलो, "हातांत जोर नाही का तुमच्या?"

वरखाली दारं उघडली. संध्याताई शांतपणे म्हणाल्या, "नाही."

मला ते उलट उत्तर वाटलं. पुढच्याच रविवारी इमारतीच्या बैठकीत मी नियम करवून घेतला: बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत, सगळ्यांनी गच्चीवर जायचं. "सही बात है," तिसऱ्या मजल्यावरचे तिवारीजी म्हणाले. संध्याताईंची दोरी निघाली. माझी सीट कोरडी राहू लागली आणि मी खूश झालो.

पुढे एका सहकाऱ्याला भेटायला मी इस्पितळात गेलो, तर शेजारच्या खाटेवर संध्याताई. डाव्या हाताला रक्ताची नळी, उजव्या हातानं मुलांच्या वह्या तपासणं चालू.

"या, कुलकर्णीजी, निर्धास्त बसा," त्या म्हणाल्या. "इथे एक थेंबसुद्धा खाली पडू देत नाहीत."

त्यांना थॅलसेमिया होता. जन्मापासून रक्त कमी; फारच उतरलं की चढवावं लागे. "थोडा आईकडून आला, थोडा बाबांकडून," त्यांनी मला समजावलं. "घर, जमीन भावाकडे गेलं. वडिलोपार्जित म्हणून मला एवढंच मिळालं. वाटणी मागायला कोणी आलं नाही." भाजीची पिशवी उचलली की त्यांचे दंड भरून येत, जिन्यात मांड्या थरथरत. "माझा दिमाग पुढच्या चौकात पोचतो, पाय अजून घरात चप्पल शोधत असतात."

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना सांगितलं होतं, झेपेल तेवढं रोज करा, हातांना स्वस्थ बसू देऊ नका. म्हणून त्यांनी टॉवेल धरला होता. पाणी कमी गळलं की दिवस बरा.

"लोक विचारतात, आजार कधीपासून आहे. दिवस कसा जातो ते कोणी विचारत नाही," त्या म्हणाल्या. "मला एक टॉवेल स्वतः पिळता आला की तो दिवस माझा वाटायचा."

"आणि आता?"

"आता तोही मशीनमध्ये जातो आणि घरातच वाळतो; हातानं पिळला तर खोलीभर पाणी. गच्चीपर्यंत चढले, तर मलाच दोरीवर टाकावं लागेल."

मी खाली मान घालून घरी आलो. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या हातातलं जे दिसेल ते हिसकावून घ्यायला लागलो. दूध, भाजी, छत्रीसुद्धा.

"आधी जोर नाही म्हणून भांडलात," त्या वैतागल्या, "आता आहे तेवढाही वापरू देत नाही! द्या ती छत्री."

मग एका संध्याकाळी त्यांच्या दाराशी उभं राहून मी पुटपुटलो, "ताई, माफ करा."

त्यांनी कानामागे हात धरला. "भांडलात तेव्हा तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं होतं. माफीला आवाज बसला?"

हसतच बोलल्या, पण खरं तेच होतं. तरी मला धीर होईना. दर बैठकीला मी सगळ्यांसमोर माफी मागायचं मनाशी ठरवून जाई आणि पाण्याच्या टाकीवर बोलून खाली बसे. संध्याताई जिन्यात गाठत. "आज पण टाकीच साफ केलीत वाटतं?"

शेवटी दिवाळीआधीच्या बैठकीत मी उभा राहिलो. तिवारीजी म्हणाले, "अब क्या टपक रहा है, कुलकर्णीजी?" सगळे हसले. संध्याताई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"तो गच्चीचा नियम रद्द करा," मी म्हणालो. माझा आवाज कापत होता, म्हणून मी तो आणखी चढवला. "संध्याताई, मी तुमच्यावर सगळ्यांसमोर ओरडलो. तुम्ही खरं उत्तर दिलंत, ते मी ऐकलं नाही. तुमची दोरी काढायला लावली. स्कूटर फक्त दोन हात बाजूला लावली असती तरी भागलं असतं, तेवढंही मला सुचलं नाही. चूक माझी आहे. मला माफ करा."