सुलेखाचं संबळ

सुलेखा जर्मनीत फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. तिचे वडील श्यामकांत हे बार्शीचे गोंधळी. त्यांनी लेकीला हौसेनं संबळ शिकवलं खरं, पण चारचौघांत कधी वाजवू दिलं नाही. ते गेल्यावर तिनं त्यांचंच संबळ इकडे आणलं आणि ऑफिसातल्या माथियासच्या सॅक्सोफोनसोबत वाजवायला लागली.

हे तिथल्या मराठी मंडळाच्या शिरीषरावांच्या कानावर गेलं. लगेच फोन आला. "अहो सुलेखाताई, देवीचं वाद्य ते! त्या पिपाणीबरोबर कसलं वाजवता?"

"देवीची हरकत असेल तर देवी सांगेल मला," सुलेखा म्हणाली. "तुम्ही कशाला मध्ये पडता?"

मग कोलोनच्या एका महोत्सवाचं बोलावणं आलं. तिथल्या आयोजक केलरबाईंनी गोड हसून सांगितलं, "साडी नेसा. आणि ध्यानाला बसल्यासारखं, शांत काहीतरी वाजवा. आमच्या लोकांना भारत तसा आवडतो."

"माझ्या गावचा भारत शांत नाही," सुलेखानं सांगून टाकलं, आणि जीन्स घालूनच मंचावर चढली.

वाजवायला लागली, तर सॅक्सोफोन सगळीकडे घुमतोय आणि संबळाचा आवाज स्पीकरमधून येतच नाहीये. तिनं खूण केली. साऊंडवाल्यानं खांदे उडवून केलरबाईंकडे बोट दाखवलं. त्यांनीच आवाज कमी ठेवायला सांगितला होता.

सुलेखाच्या डोक्यात तिडीक गेली. कमरेला संबळ तसंच बांधलेलं ठेवून ती माईक सोडून पायऱ्या उतरली आणि थेट लोकांच्या मधोमध उभी राहिली. उघड्या माळावर जत्रेत वाजणारं वाद्य ते, त्याचं स्पीकरवाचून काय अडलंय! वाकडी काडी कडाडली. माथियासही सॅक्सोफोन सांभाळत खाली आला. लोक बाजूला सरकले, त्यांचं रिंगण झालं, ठेक्यावर टाळ्या पडू लागल्या. तिची बारा वर्षांची लेक अन्वी घरी आईच्या मराठीला जर्मनमधूनच उत्तरं द्यायची. तीही खुर्चीवर चढून आईला जर्मनमध्येच हाक मारत ओरडली, "लाउटर, मामा! लाउटर!"

अजून जोरात, हे सुलेखाला दोनदा सांगावं लागलं नाही.

पुढच्या वर्षी केलरबाईंनी बोलावलं नाही. सुलेखानंही वाट पाहिली नाही. हल्ली दर शनिवारी ती आणि माथियास फ्रँकफर्टला नदीकाठी वाजवतात. येणारा-जाणारा एखादा थांबून विचारतो, "हे संगीत नेमकं कुठलं? भारतातलं की इथलं?"

"माझं," सुलेखा म्हणते आणि पुन्हा काडी उचलते.