प्रश्नोत्तराचा तास

अमरावती-अकोला एसटीत शेजारची अंगणवाडी सेविका मोबाइलवर लोकसभा पाहत होती. सेविकांना कायम करण्याबद्दलचा प्रश्न आज सकाळच्या तासात येणार होता. सभागृहात नुसता गोंधळ. ती पदर बोटाला गुंडाळायची, सोडायची. शेवटी कामकाज दुपारपर्यंत तहकूब झालं.

"पोरं भांडली म्हनून मी अंगणवाडीले कुलूप लावते काय, ताई?"

"दुपारी पुन्हा बसतील की," मी म्हटलं.

"प्रश्नाचा तास तं गेला ना! आता उत्तर नुसतं लेखी येईन. त्याच्यावर उलटून कोन विचारन?"

 मूर्तिजापूरला ती उतरली, फोनवर कुणाला तरी बजावतच: "धरन्याचा मंडप सोडू नोका. मी येऊन राहिली."