दुर्बिणीच्या आड आलेली बाभूळ

वखारीजवळून जाताना ओल्या बाभळीचा तुरट वास आला की मला खुटबाव गावाच्या पुढच्या शेतातली ती दुपार आठवते. पुण्याला बाहेरून वळसा घालणारा मोठा रस्ता काढायचा म्हणून आम्ही मोजणी करत होतो आणि दुर्बीण माझ्याकडे होती. नेमकी मोजणीच्या रेघेत एक जुनी, डेरेदार बाभूळ आडवी आली. शेताचा मालक, सत्तरीचा धनगर म्हातारा, आमच्यासाठी पाण्याची कळशी घेऊन आला आणि म्हणाला, "कालवा येतोय व्हय, सायेब?" रस्ता म्हटलं की लोक रात्रीतून मोजणीच्या खुंट्या उपटायचे, म्हणून आमच्या साहेबांनी बेधडक हो सांगितलं. मी दुर्बिणीला डोळा लावला. "झाड मध्ये येतंय, आबा," साहेब म्हणाले. खरं तर दोन फांद्या छाटल्या असत्या तरी भागलं असतं, पण म्हातारा घरातून कुऱ्हाड घेऊन आला. "हिच्या सावलीला माझ्या बापाची मेंढरं बसायची," तो म्हणाला, "पर पान्याच्या वाटंत कशाला ठिवायची." ऊन उतरेपर्यंत तो एकटाच घाव घालत होता. झाड पडलं आणि धुरळा बसल्यावर पलीकडे रोवलेली मोजणीची काठी मला दुर्बिणीतून स्वच्छ दिसली. निघताना त्यानं मलाच विचारलं, "पानी कवा येईल?" मी म्हणालो, "येईल." वर्षभरात रस्त्याची आखणी दुसरीकडे सरकली आणि नकाशावरची ती रेघ मीच रबरानं पुसली. आबांना कुणी कळवलं नाही. आता ते नसतीलच, पण माझ्या त्या एका शब्दावर त्यांनी किती उन्हाळे काढले, हे विचारायला मी कधी गेलो नाही.