बाळंतिणीचं पाणी

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, तरी आमच्या गल्लीतल्या नळाला जोर म्हणून नव्हता. मग सगळ्यांनी मिळून कमरेइतका खड्डा खणला आणि नळ खाली घेतला. खड्ड्यात उतरायचं, घागर भरायची, वर द्यायची.

खड्ड्याला लागूनच नाली. वरच्या गल्लीतल्यांनी पक्के संडास बांधले आणि त्यांचं सगळं पाणी खुशाल त्या नालीत सोडून दिलं. त्या वैशाखात तिकडं लग्न झालं. बहाद्दरांनी जेवणाच्या पत्रावळ्या नालीतच ढकलल्या. नाली तुंबली, उलटली, आणि सकाळी बघतो तर नळाचा खड्डा घाणीनं काठोकाठ!

दोन सफाई कामगार उघड्या अंगानं त्यात उतरून घाण उपसत होते आणि आम्ही बाया नाकाला पदर लावून उभ्या. नगरपालिकेच्या माणसानं ब्लिचिंगची पावडर टाकली आणि बजावलं, "खड्डा बुजवा. तवर पाणी खळखळ उकळूनच प्या, सगळ्यांनी. साफ दिसतंय म्हणून भुलू नका. नळ बंद असला की पायपात घाण शिरती."

आम्ही माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं ते काचेसारखं. कोण कशाला खड्डा बुजवतंय!

माझी नणंद आमच्याकडं बाळंत होऊन आठच दिवस झाले होते. संगं तिची तीन वर्षांची पोरगी. आमच्यात उकळलेलं पाणी म्हणजे बाळंतिणीचं. धडधाकट माणसानं ते प्यावं म्हणजे थेरं. घासलेट तरी कुठं होतं तेवढं? रोज एक पातेलं मी बाळंतशोपा टाकून उकळायचे. बाकीच्यांना माठातलं, तुरटी फिरवून.

पोरीला त्या शोपांचा वास आवडायचा. "मामी, आईचं पाणी दे," म्हणून तिनं पदरच धरला. मी खेकसले, "तू काय बाळंत झालीस का गं भवाने? माठातलं पी!" सासू हसली. मीही हसले. पोरगी माठातलं प्याली.

तिसऱ्या दिवशी जुलाब लागले. दुपारपर्यंत डोळे खोल गेले. सासूनं दृष्ट काढली, त्यात तास गेला. टांग्यानं दवाखान्यात नेलं तर डॉक्टरला सलाईन लावायला शीर सापडेना. दिवे लागायच्या आत पोरगी गेली. ओल्या बाळंतिणीला बाहेर काढत नाहीत, म्हणून आईनं खोलीच्या उंबऱ्यावरूनच तिला पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी गल्लीनं खड्डा बुजवला आणि घरोघरी पाणी उकळायला लागलं. अक्कल आली ती अशी. आग लागो त्या अकलेला!

दीड महिन्यानं नणंद तान्ह्याला घेऊन सासरी जायला पालमच्या बसमध्ये बसली. खिडकीतून म्हणाली, "वैनी, त्या दिवशी पोरीवर कशापायी वरडला व्हता तुमी? मला आत ऐकू आलतं."

मी म्हणाले, "तांब्या सांडला व्हता तिनं."

"लय खोडकर व्हती बाई," ती म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. बस हलली.

मेलेल्या लेकरावर मी खोटा आळ घातला, आणि तिची आई जन्मभर तोच खरा धरून बसली.