मार्तंडरावांची दाढी

मुलुंडला स्टेशनच्या पूर्वेला, मिठागरांकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या चाळीत मार्तंड परचुरे यांच्या दोन खोल्या होत्या. ते फोर्टातल्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. खिडकीच्या गजाला आरसा टांगून रोज सकाळी ते स्वतःच्या वस्तऱ्याने दाढी करत. पंधरा वर्षांच्या संसारात त्यांना कधी कापल्याचं त्यांच्या बायकोला, जयंतीला, आठवत नव्हतं.

१९५३ च्या श्रावणात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. समज मात्र शाबूत राहिली, आणि हेच वाईट झालं. आपल्याला कोण पुसतंय, कोण कूस बदलून देतंय, सारं त्यांना कळत होतं.

आठ-दहा दिवसांत दाढी वाढली. शेजारची उत्तरा नवऱ्याचं ब्लेडचं मशीन घेऊन आली. "ह्याने काही कापत नाही गं, नुसतं दाबून फिरवायचं." जयंतीने साबण फासला आणि दाबून फिरवलं. लोंबलेला उजवा गाल मशीनच्या पुढे गोळा होत गेला आणि तीन ठिकाणी रक्त आलं. मार्तंडरावांनी डाव्या हाताने मशीन ढकलून दिलं. मग बोट करून कपाटाकडे दाखवलं. तिथे त्यांचा वस्तरा होता.

काशीराम न्हावी दर पंधरा दिवसांनी घरी यायचा. मार्तंडरावांचे केस कापायचा आणि आत स्वयंपाकघरात त्यांच्या आईचं डोकं करायचा. सासूबाई बाविसाव्या वर्षी विधवा झाल्या होत्या. तेव्हापासून तांबडं आलवण आणि बोडकं डोकं. त्या खेपेला काशीराम आला, मार्तंडरावांसमोर बसला, वस्तरा उघडला, त्यांच्या गालावरून बोटं फिरवली आणि वस्तरा परत मिटला.

"वहिनी, खोटं नाही बोलत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. धडधाकट माणसाची दाढी मी नुसत्या बोटांच्या अंदाजाने करतो. ह्यांची मान मध्येच झटका देते. ते मला दिसायचं नाही."

"मला ठाऊक होतं ते," दाराशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "मागच्या दोन्ही खेपांना माझं डोकं कापलंस."

काशीराम गोरामोरा झाला. "बोलला नाहीत ते, काकू?"

"काय बोलायचं? आलवणाला पुसलं. त्यावर दिसत नाही." मग जयंतीकडे बोट करून म्हणाल्या, "हिला शिकव."

"बाईमाणसाच्या हातात वस्तरा द्यायचा?"

"माझ्या डोक्याला लावलात तेव्हा कुणी विचारलं नाही, बाईमाणूस आहे म्हणून."

जयंती खाली मान घालून ऐकत होती. ती मॅट्रिक झालेली, शांत स्वभावाची, रक्त बघितलं की तोंड फिरवणारी बाई. पण नवरा कपाटाकडे बघत होता, आणि ती नाही म्हणू शकली नाही.

शिकायचं कुणावर, हा प्रश्न आला. सासूबाई पाट घेऊन तिच्यासमोर पाठमोऱ्या बसल्या आणि पदर मागे सारला. जयंतीला हुंदका आला. "आई, मला हे बघवायचं नाही."

"बघू नकोस. बोटांनी समजून घे. आणि थरथरू नकोस, मला लगेच कळतं."

त्या दिवसापासून दर आठवड्याला काशीराम येऊन बसायचा आणि सांगायचा. पाणी हाताला सोसेल इतपत कढत हवं. पंचा भिजवून, पिळून, केस मऊ होईतो ठेवायचा. फेस घाईने करायचा नाही. वस्तरा आधी चामड्याच्या पट्ट्यावर दहा-वीस वेळा परतायचा, कारण बोथट पातंच जास्त कापतं, माणूस ते दाबायला जातो म्हणून. पातं अंगावर जवळजवळ निजलेलं ठेवायचं, उभं करायचं नाही. आडवं तर चुकूनही सरकवायचं नाही. केस ज्या दिशेने जातात त्याच दिशेने, बोटभर अंतर, मग थांबायचं.

"आणि काम उजव्या हाताचं नाही, डाव्याचं," काशीराम म्हणायचा. "कातडी ताणून धरतो तो डावा हात. लोंबत्या गालाला तोंडात बोट घालून आतून फुगवा. लाज धरलीत तर कापाल."

सासूबाईंनी एकच गोष्ट सांगितली. "वस्तरा टेकला की मी श्वास धरून बसायची. श्वास धरलेलं माणूस ताठतं, आणि ताठलं की कापतं. त्याला श्वास सोडू दे. सोडताना ओढ."

दिवाळीच्या सुमारास जयंतीने नवऱ्याच्या दाढीला पहिल्यांदा हात घातला. पाऊण तास लागला. हनुवटीखाली एक थेंब आला, तिने तुरटी लावली. मार्तंडरावांनी डावा हात गालावरून फिरवला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते आनंदाचं की कशाचं, तिने विचारलं नाही. विचारूनही ते सांगू शकले नसते.

पुढे दीड वर्ष रोज सकाळी हे चाललं. नवऱ्याचा चेहरा तिला त्याच्या बोलत्या दिवसांत माहीत नव्हता इतका माहीत झाला. कानाखालचा उलटा भोवरा, हनुवटीवरची खळी, गळ्यावर डावीकडे वाढणारे केस. रक्त निघणं बंद झालं. पण माणूस आत आत जात होता. जेवण कमी झालं. पत्र वाचून दाखवलं तर डोळे मिटून घ्यायचे.

१९५५ च्या मार्चात कचेरीतला नंदकुमार भेटायला आला. हा त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. भला माणूस होता, पण काय बोलावं ते न सुचून तो बोलत सुटला. हेडक्लार्कच्या जागेवर आता आपली नेमणूक झाली, टेबल तेच, खुर्चीही तीच, त्यांनी सुरू केलेली फायलींची पद्धत मात्र नव्या साहेबाने बदलली. मार्तंडराव त्याच्याकडे एकटक बघत राहिले. तो उठला तेव्हा त्यांनी डावा हात कपाळाशी नेऊन नमस्कार केला, आणि नंदकुमार जिन्यात जाऊन रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयंतीने नेहमीसारखी तयारी केली. गाल झाले, हनुवटी झाली. तिने गळ्याची कातडी ताणली, श्वास सुटायची वाट पाहिली आणि पातं टेकवलं. त्याच क्षणी मार्तंडरावांनी सगळा जोर एकवटून मान पुढे, पात्यावर लोटली.

पातं निजलेलं होतं म्हणून, आणि हात आपोआप मागे आला म्हणून, जखम खोल गेली नाही. तरी चार बोटं लांब होती. फेस लाल झाला. जयंतीने पंचा दाबून धरला आणि वर बघितलं. नवऱ्याच्या डोळ्यांत दचकणं नव्हतं. एक विनवणी होती, आणि आता ती फुकट गेल्याचा शिणवटा.

उत्तरा धावून आली, डॉक्टर आले, टाके पडले. "कसं झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"हात घसरला," जयंती म्हणाली.

सासूबाई दाराशी वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी पुढची वात वळायला घेतली.

चाळीत बभ्रा झाला. बाईने वस्तरा हातात घ्यावाच कशाला, इथपासून कंटाळली असेल बिचारी, इथपर्यंत लोक बोलले. उत्तराचं येणं कमी झालं. ऐकून काशीराम आला. त्याने बोटांच्या टोकांनी टाक्यांची ओळ चाचपली, दोनदा चाचपली.

"घसरलेला हात असा कापत नाही, वहिनी," तो हळू म्हणाला. "घसरला की आडवं जातं. हे समोरून दाबलं गेलंय."

"तुम्ही कुणाला सांगू नका," ती म्हणाली. त्याने सांगितलं नाही.

तीन आठवडे वस्तरा कपाटात राहिला. दाढी वाढली, भात-आमटी तिच्यात अडकायची, आणि ती धुताना मार्तंडराव डोळे मिटायचे. शेवटी एका सकाळी जयंती कढत पाणी घेऊन त्यांच्यासमोर बसली.

"मी तुम्हाला समजावणार नाही," ती म्हणाली. "तुमचे हाल मी रोज बघते. पण हे माझ्या हातून करून घेऊ नका. माझ्या हातून नको. एवढंच."

 मग त्यांनी डावा हात उचलला आणि तिच्या वस्तरा धरलेल्या मनगटावर ठेवला, हलका. तशीच तिने दाढी केली. त्यानंतर रोज पातं गळ्याशी आलं की ते हात ठेवत, आणि गळा झाला की काढून घेत.

ते आणखी चौदा महिने जगले. १९५६ च्या मेमध्ये ताप छातीत गेला आणि सहा दिवसांत संपलं. त्या सहा दिवसांत दाढी झाली नव्हती. नेताना तसेच नेले. जयंतीला त्याची रुखरुख लागून राहिली, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. दोघी सासू-सुना स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"मी पाहिलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "मान त्याने पुढे केली. डॉक्टरांसमोर मी बोलायला हवं होतं. आळ तुझ्यावर राहिला."

"बोलला असतात तर त्यांच्यावर राहिला असता."

सासूबाईंनी मान हलवली. सुपातले खडे बाजूला काढत राहिल्या.

पुढे जयंतीला जवळच्या एका शाळेत नोकरी लागली, आणि दोघी त्याच दोन खोल्यांत राहिल्या. चाळीत नवं बिऱ्हाड आलं की कुणीतरी त्यांना ती गोष्ट सांगायचंच, नवऱ्याच्या गळ्यावर हात घसरलेल्या बाईची. जिन्यात नवी माणसं तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत. ती चावी काढून दार उघडायची आणि आत जायची.