माशांचा उपास

आमच्या घरात मासे आले ते काचेच्या पेटीतून, ताटातून नव्हे. तरीही त्या दिवशी सासूबाईंनी देवघराचं दार लावून घेतलं होतं. त्यांचं माहेर कौंडण्यपूरच्या पुजाऱ्यांचं. चातुर्मासात आमच्या घराची पायरी कांदासुद्धा चढत नसे. आणि त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे हे, अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. दिवसा बेडूक फाडायचे आणि घरी आल्यावर विहिरीवर आंघोळ केल्याशिवाय माठाला हात लावायचे नाहीत. साठ सालच्या आसपास अशा घरात मी अकोल्याहून सून म्हणून आले.

सासरे जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. सासूबाईंचं बोलणं जवळजवळ बंदच झालं होतं. पानावर बसायच्या, गाईचा घास बाजूला काढायच्या आणि स्वतः दोन घास चिवडून उठायच्या. माणूस असं कणाकणानं कमी होताना पाहणं फार वाईट. ह्यांनी काय करावं? परीक्षेच्या कामाला मुंबईला गेले होते, तिथून झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात दोन लाल मासे घेऊन आले. कॉलेजच्या अडगळीतली एक काचेची पेटी मागून आणली आणि सासूबाईंच्या खोलीतल्या कोनाड्यात मांडली.

"आई, काही करायचं नाई. नुसतं पाय."

"पाहू काय त्याच्यात? मासेच तं हाएत," म्हणून त्या आत निघून गेल्या.

चार दिवसांनी पेटीसमोर पाट आला. आठवडाभरानं मलाच ऐकवण्यात आलं, "देवानं पयला अवतार माशाचाच घेतला. तुले म्हाईत नाई?" मला माहीत होतं. देवघराचं दार कोणी लावलं होतं, तेही माहीत होतं. पण सुनेनं कुठे बोलावं आणि कुठे गिळावं हे आईनं शिकवून पाठवलं होतं, म्हणून गिळलं. एरवी गिळणं माझ्या स्वभावात नाही.

त्यानंतर गाईच्या घासाशेजारी एक छोटा घास माशांसाठी निघू लागला. आधी गाय, मग मासे, मग आपण, असा नियमच झाला. माशांनी खाल्ल्याशिवाय सासूबाई तोंडात घास घालत नसत. माशांना रोज भात मिळे, पोळीचा कुस्करा मिळे, एकादशीला साबुदाणा मिळे. दारात आलेला कोणीही पाहुणा चहा पिऊन झाला की त्याच्या तळहातावर चिमूटभर काहीतरी ठेवून सासूबाई म्हणत, "टाका त्याइले." हे कपाळाला हात लावत. "आई, त्याइचं पोट केवढं, तू देते केवढं!" पण आम्हा वऱ्हाडी माणसांना पाहुणा पुरे म्हणाला की वाढायला जोर येतो. मासे तर पुरेही म्हणत नव्हते. आणि माशांच्या निमित्तानं सासूबाई स्वतःही पोटभर जेवू लागल्या होत्या, म्हणून आम्ही कोणी फार ताणून धरलं नाही.

पाणी स्वच्छ राहावं म्हणून ह्यांनी वडाळीच्या तलावातून पाणवनस्पती आणून पेटीत लावली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! काही दिवसांनी एका सकाळी मला काचेवर पांढुरके दोरे चिकटलेले दिसले. जवळ जाऊन पाहिलं तर ते सरकत होते. नखाएवढ्या चपट्या अळ्या, डोक्याशी त्रिकोणी, आणि त्यावर दोन ठिपक्यांसारखे डोळे. माझ्या अंगावर काटा आला. ह्यांना मात्र आनंद झाला! भिंग आणलं, मला वाकवून दाखवलं, म्हणाले, "प्लॅनेरिया! मुलांना दाखवायले मी नाल्या धुंडतो, अन् ह्या घरी आल्या पाय."

"तुमी पाहा कवतिक," मी म्हणाले आणि हे कॉलेजात गेल्यावर त्यांच्याच दाढीचं ब्लेड घेऊन काचेवरची एकेक अळी कापून काढली. मोठा पराक्रम केल्यासारखं संध्याकाळी सांगितलं. हे पोट धरधरून हसले. म्हणाले, "कापली तं मरत नाई ती. डोक्याले शेपूट फुटते अन् शेपटाले डोकं. तू त्याइचा वंश वाढवला!" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवशी मीठ टाकून पाहिलं. त्यानं पाणवनस्पती कुजली, अळ्या होत्या तशाच. सासूबाई पाटावरून म्हणाल्या, "तुह्या अकोल्याकडच्या खाऱ्या विहिरीत बुडवायच्या होत्या, एकीचा जीव राहला नसता." माहेरच्या पाण्याला नावं ठेवली म्हणून मी रुसायला हवं होतं. पण त्या आता थट्टा करू लागल्या आहेत ह्याचंच मला इतकं बरं वाटलं की मी हसून मोकळी झाले.

पण पाणी दिवसेंदिवस गढूळ होत चाललं. एक मासा तळाशी बसून राहू लागला, नुसता तोंड उघडझाप करत. सासूबाईंचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा दिसू लागला तेव्हा ह्यांचं हसणं थांबलं.

"उरलेलं अन्न कुजते, त्याच्यावर ह्या पोसतात," ह्यांनी आईला समजावलं. "दोनच उपाय हाएत. एक तं आपल्या घरात होनार नाई. कलेजीचा तुकडा बाटलीत घालून पाण्यात सोडला की साऱ्या त्याच्यात जमतात. ते सोड. दुसरा उपाय, माशांले आठ दिवस काही द्यायचं नाई. त्याइले काही होत नाई उपाशी राहून."

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मान हलवली. दुपारी मी पानं मांडली तर त्या आल्याच नाहीत.

"आत्याबाई, जेवायले चला," मी सासूबाईंना हाक मारली.

"त्याइचा उपास हाय नं? मंग माहाही."

ह्यांनी समजावलं, मी समजावलं, शेवटी हे चिडले. काही उपयोग झाला नाही. "मी रागावली नाई रे," त्या म्हणाल्या. "तुहं बरोबरच असन. पन त्याइले उपाशी ठेवून माह्या घशाखाली घास उतरत नाई." चहा घेत, पाणी घेत, बाकी काही नाही. त्या खोलीत आल्या की मासे काचेशी धावत यायचे, तळाशी बसलेलासुद्धा. मग त्या पेटीकडे पाठ करून बसू लागल्या. एका सकाळी तुळशीला पाणी घालताना त्यांना घेरी आली आणि तांब्या हातातून सुटला. मी धावले म्हणून डोकं ओट्यावर आपटलं नाही. हाताला त्यांचं अंग इतकं हलकं लागलं की मला रडूच आलं. तोवर मला वाटत होतं की मी त्यांना सांभाळून घेते आहे. त्या क्षणी कळलं की मला त्या हव्या होत्या.

मी तशीच ह्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "कलेजी आना."

"ह्या घरात?"

"ह्याच घरात. नाई तं उद्या आईले दवाखान्यात न्या."

हे संध्याकाळी खाटकाच्या गल्लीत गेले. कोपऱ्यावर सायकल लावून, उपरण्यानं तोंड झाकून गेले म्हणे. ह्यानं इतकंच झालं की ज्यांनी पाहिलं नसतं त्यांनीही वळून पाहिलं. हे घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. पुजाऱ्यांच्या लेकीचा लेक खाटकाच्या दारात! शेजारच्या काकू खास सांगायला येऊन गेल्या.

कागदाची पुडी मी न्हाणीघरामागे लपवली. बाटलीच्या पत्र्याच्या झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली आणि पुडी उघडली. वास आला तशी मी भिंतीला धरून ओकले. तोंड पुसून वळते तर मागे सासूबाई, काठी टेकत उभ्या.

"ह्यानं त्या अळ्या जातीन?"

"हो, असं म्हणतात हे."

"मंग चोरीनं काहून करून राहिली?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "अन् हे ओकारीचं कवापासून?"

मला दिवस गेले होते. मी कोणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही. मी मान खाली घातली.

"सर तिकडं," त्या म्हणाल्या. "तुह्यानं होत नाई आता."

देवाच्या वातींचा कापूस वळणारी ती बोटं. त्यांनी तो लाल तुकडा उचलला, बाटलीत घातला, झाकण फिरवलं आणि गळ्याला दोरा बांधला. पेटीवर घोंगडं टाकून अंधार केला आणि दोरा हातात धरून त्या पाटावर बसल्या. मी म्हटलं, दोरा बांधून ठेवू या. त्या म्हणाल्या, "राहू दे. कोनाले जेवाले बोलावलं तं सामोरं बसा लागते."

दिवेलागणीला बाटली वर काढली तर आतून पांढरी झाली होती, एवढ्या अळ्या. आता त्या मोरीत ओतायच्या म्हणून मी हात पुढे केला, तर सासूबाईंनी बाटली छातीशी धरली. "मारायच्या नाईत. जेथून आनल्या तेथं नेऊन सोड म्हना त्याले." त्यामुळे पुढचे तीन-चार दिवस अमरावतीच्या रस्त्यावर एक प्राध्यापक रोज संध्याकाळी बाटली घेऊन सायकलवरून वडाळीला जाताना लोकांना दिसत होता. काकूंनी त्याचंही काहीतरी करून सांगितलं असणार. सासूबाई रोज दोरा सोडून उठल्या की थंड पाण्यानं डोक्यावरून आंघोळ करत आणि देवाला दिवा लावत. देवाशी त्यांचं काय बोलणं झालं ते मी कधी विचारलं नाही.

बाटली रिकामी वर येऊ लागली, पाणी निवळलं, तळाशी बसलेला मासा फिरू लागला. मासे जेवले, चिमूटभरच, आणि मागोमाग सासूबाई जेवल्या. त्या दिवशी त्यांनी मला शेजारी पान मांडायला लावलं.

बाळंतपणाला मी अकोल्याला माहेरी गेले. मुलगी झाली, पण माझ्या अंगातलं रक्त पार गेलं होतं. उठून बसले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज एक अंडं द्या. आईनं त्यांना दारापर्यंत हसून पोचवलं आणि आत येऊन म्हणाली, "दूध देते, तूप देते, डिंकाचे लाडू देते. अंडं माझ्या घरात येणार नाई." कोर्टात दणदणीत बोलणारे माझे वडील वकील, ते पेपरात तोंड घालून बसले. माझ्या आईची माया कमी होती असं मी म्हणणार नाही, पण तिचं घर सोवळं होतं.

ह्यांना पत्र गेलं असावं. एका दुपारी सासूबाई येस्टीनं आल्या. एकट्या. हातात मासे आणलेला तोच भोकाच्या झाकणाचा डबा. आईनं पाणी पुढे केलं तर त्या म्हणाल्या, "थांबा, आधी हे." डब्यात गव्हाचा कोंडा होता आणि कोंड्यात अंडी.

आई दारातच थिजली. सासूबाईंनी आवाज चढवला नाही. "तुमची चूल नोको मले, विहीणबाई. भांडंही मी आनलं. माशांसाठी ह्या हातानं कलेजी धरली मी. ही तं माही लेक हाय."

अंगणात तीन विटा मांडून त्यांनी चूल पेटवली. अंडं उकडलं, फुंकर घालत सोललं, मीठ लावलं आणि बाजेवर माझ्याशेजारी येऊन बसल्या. वासानं मी तोंड फिरवलं.

"खा वं," त्या म्हणाल्या. "सकाळपासून माह्या पोटात काही नाई. तू खाल्ल्याबिगर मी कशी जेवू?"

मी तोंड उघडलं.